एक लाकूड किती वेळा हातात येतं

लाकडं फोडायला किती वेळ लागतो गं, असं कुणी विचारलं की मला कळतं, याच्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड आहे. वर उचललेली कुऱ्हाड, खाली ओंडका, खाडकन दोन तुकडे, झालं काम. आणि खरं सांगायचं तर फोडायला फार वेळ लागतच नाही. सरळ धाग्याचा, म्हणजे आतले तंतू सरळ गेलेला, गाठी नसलेला ओंडका असेल तर अख्ख्या कामात सगळ्यात पटकन उरकणारा आणि सगळ्यात मजेचा भाग तोच. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. वाकण्यात, उचलण्यात, लोळवण्यात, रचण्यात, परत उचलण्यात आणि मग नुसतं थांबण्यात. मी हे काम मनापासून करायला लागले तेव्हापासून डोक्यात एकच हिशोब पक्का बसलाय, एक लाकूड जळेपर्यंत किती वेळा हातात येतं. तास मोजण्यापेक्षा मला हा हिशोब जास्त खरा वाटतो, कारण तासांत दम खाणं, गप्पा, पाणी पिणं सगळं येतं, पण उचलणं म्हणजे उचलणं, कंबर ते विसरत नाही.

बघा ना. झाड आडवं झालं की आधी फांद्या छाटायच्या आणि ओढून बाजूला करायच्या. मग खोडाचे ओंडके पाडायचे, ते लोळवत गाडीपर्यंत न्यायचे, चढवायचे, घरी आणून उतरवायचे. फोडताना एकेक उचलून ठोकळ्यावर उभा करायचा, फुटला की तुकडे वेचायचे, त्यातला जाड तुकडा परत ठोकळ्यावर. मग सगळं रचायच्या जागी न्यायचं, रचायचं. वाळलं की तिथनं काढून आडोशाला, आडोशातनं चुलीपाशी, आणि चुलीपाशनं एकदाचं चुलीत. आठ-नऊ वेळा तर कसंही होतं, आणि मधे एखादा ढीग जास्तीचा झाला की तेच दहा-अकरावर जातं. जड जातीचं ताजं तोडलेलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन भरतं. म्हणजे ओलं असतानाच तेवढं लाकूड चार वेळा इकडचं तिकडे झालं तर चार टन वजन हातांनी उचललं गेलं, थोडं थोडं करून, पण उचललं गेलंच. त्यामुळे जळणाच्या कामात कष्ट वाचवायचे असतील तर भारीतली कुऱ्हाड घेण्याआधी एक हाताळणी कुठे कमी होते ते शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

घनमीटरवरून आठवलं. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक मापं कायद्यानं ठरली तेव्हा त्यांनी लांबीला मीटर, वजनाला ग्रॅम ठरवला आणि सोबत जळाऊ लाकडासाठी स्वतंत्र माप ठेवलं, स्टेर, म्हणजे एक घनमीटर. सरपणाला देशाच्या मापांच्या यादीत जागा! त्या काळच्या माणसांचा किती वेळ आणि किती पैसा यात जात असेल ते एवढ्यावरूनच समजतं. अमेरिकेत अजूनही कॉर्ड चालतो, चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास, १२८ घनफूट. पण त्यात प्रत्यक्ष लाकूड साधारण ८० ते ९० घनफूटच असतं, बाकी सगळी मधल्या फटींतली हवा. ती हवा मात्र फार कामाची असते, पुढे सांगते.

कापण्यापासून सुरू करू. लांबी आधी ठरवायची, आणि ती चुलीच्या किंवा भट्टीच्या तोंडावरून ठरवायची, झाडावरून नाही. इथे एक ओढाताण कायम असते. एक मीटरच्या खोडाचे ५० सेंटिमीटरचे दोन तुकडे करायला एक काप लागतो, २५चे चार करायचे तर तीन काप. म्हणजे तुकडे आखूड केले की करवतीचं काम तिप्पट, शिवाय उचलायला-रचायला नग दुप्पट. पण आखूड तुकडा लवकर वाळतो, कारण लाकडातलं पाणी धाग्याच्या दिशेनं, म्हणजे दोन्ही टोकांकडे, आडव्या दिशेपेक्षा १० ते १५ पट वेगानं सरकतं. टोकं जवळ असतील तर पाण्याचा प्रवास छोटा. मी मधलं माप धरते, ३० ते ४० सेंटिमीटर, आणि त्या मापाची एक काठी कायम जवळ ठेवते. नजरेनं कापलं की दहाव्या ओंडक्यापर्यंत माप सरकायला लागतं, आणि मग एखादा तुकडा तोंडात बसतच नाही, तो एकटा परत करवतीखाली आणायचा म्हणजे अजून दोनदा हातात.

करवतीचं एक तंत्र ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असतंच. ओंडक्याची दोन्ही टोकं टेकलेली असली आणि मधे वरनं कापत गेलं की काप मिटायला लागतो आणि पातं आत चिमटलं जातं. म्हणून वरनं थोडंसं, तिसरा हिस्साभर, आणि मग खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं आणि मग वरनं. चेन सॉ, म्हणजे दातांची साखळी फिरवणारी यंत्राची करवत, असली तरी नियम हाच. १९२०च्या दशकात मोटरवरच्या चेन सॉ आल्या तेव्हा त्या इतक्या जड होत्या की उचलायला दोन माणसं लागायची, आता एका माणसाच्या हातात मावतात आणि दिवसाचं काम तासावर आणतात हे खरंच. पण साखळी एकदा मातीला टेकली की धार गेलीच. धार गेल्याचं कळतं भुश्यावरून. धारदार साखळीखालनं लाकडाच्या कपच्या उडतात, बोथट साखळीखालनं पिठासारखा बारीक भुसा पडतो. पीठ पडायला लागलं की थांबायचं, कानस काढायची. हे थांबणं कुणाला आवडत नाही, हातात चाललेलं काम सोडून बसायचं म्हणजे वेळ वाया गेल्यासारखं वाटतं, पण बोथट पात्यानं रेटत राहिलं की वेळही जातो, पेट्रोलही जातं, आणि खांदे दुखतात ते वेगळंच.

आता फोडणं. याबद्दल मी कितीही बोलू शकते.

ठोकळा गुडघ्यापेक्षा जरा खाली असावा, म्हणजे पातं लाकडाला लागतं त्या क्षणी हात सरळ असतात आणि ठोकळा नसता तर कुऱ्हाड जमिनीत गेली असती, पायावर नाही. पाय फाकवून समोरासमोर उभं राहायचं, मार बसताना गुडघे थोडे वाकू द्यायचे. झाड तोडायची कुऱ्हाड वेगळी, तिचं पातं पातळ, ती धागे आडवी कापते. फोडायची कुऱ्हाड जाड पाचरीसारखी, तिचं काम कापायचं नाहीच, दोन बाजू एकमेकींपासून लांब ढकलायचं आहे. एकदा भेग पडली की ती पात्याच्या पुढे पुढे पळते, पातं फक्त मागून रेटत असतं. आणि जोराचं गणित असं, की कुऱ्हाडीचं वजन दुप्पट केलं तर माराची ताकद दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून जड घणासारखं हत्यार घेऊन हळू हळू मारण्यापेक्षा आपल्याला झेपेल असं, वेगानं फिरवता येईल असं घ्यावं. नव्या माणसाला लोक सगळ्यात जड कुऱ्हाड देतात, ते मला अजिबात पटत नाही. त्यानं पहिल्या अर्ध्या तासात माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड असणं ही या कामातली सगळ्यात धोक्याची गोष्ट.

मारायच्या आधी ओंडक्याचं तोंड बघायचं. हे बघणं मी कधीच चुकवत नाही. मधल्या गाभ्यातनं बाहेरच्या बाजूला गेलेल्या बारीक भेगा दिसतात, लाकूड वाळताना गोलाच्या दिशेनं जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मंच, या फरकानंच त्या भेगा पडलेल्या असतात. लाकडानं आपली फुटायची जागा स्वतःच दाखवून ठेवलेली असते, त्या रेषेवर पातं पाडायचं. ओंडका फार रुंद असेल तर मधोमध मारून उपयोग नाही, कडेकडेनं सालीलगतचे तुकडे काढत फिरायचं, ओंडका लहान लहान होत जातो आणि शेवटी गाभ्याचा चौकोनी खांब उरतो. एक युक्ती फार कामाला येते. ठोकळ्यावर जुना टायर ठेवायचा आणि ओंडका त्याच्या आत उभा करायचा. कितीही मारा, तुकडे आतच उभे राहतात, मग सगळे एकदम काखेत घेऊन रचायच्या जागी. दर माराला वाकून तुकडे वेचणं वाचतं. एका टायरनं एक हाताळणी कमी होते, एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणि मग येतो गाठीचा ओंडका. जिथनं फांदी फुटली होती तिथे धागे सरळ जात नाहीत, फांदीच्या बुडाला वळसा घालून जातात, एकमेकांत शिरतात. पहिला मार बसतो आणि कुऱ्हाड नुसती उसळते, लाकडावर एक ओलसर चीर उमटते आणि बस्स. अशा वेळी मी कुऱ्हाड ठेवून देते. पाचर घेते, गाठीपासून लांबच्या कडेला, जिथे धागे अजून सरळ आहेत तिथे हलक्या हातानं बसवते, आणि घणानं ठोकायला लागते. सुरुवातीला आवाज मऊ, बसका येतो. पाचर आत जाते तसा तो चढत जातो, घट्ट होतो. मग एका ठोक्यानंतर काहीच न करता दोन क्षण थांबायचं, कारण लाकूड आतून बोलायला लागलेलं असतं, बारीक चर्र चर्र, भेग आपली आपण सरकत असते. दुसरी पाचर त्या भेगेत, पहिलीच्या पुढे. आता पहिली सैल होऊन पडते, ती उचलून अजून पुढे. असं करत गाठीला बगल देऊन भेग पलीकडे पोचते, दोन भाग उघडतात, आणि तरीही मधे चार-सहा चिवट धागे दोन्ही बाजूंना धरून असतात, ते लहान कुऱ्हाडीनं छाटायचे. आतलं लाकूड गडद रंगाचं, गुळगुळीत, वळणाचे पट्टे असलेलं, वास तर असा येतो की हात थांबतो. तेवढ्या वेळात साधे सरळ पंधरा ओंडके फुटले असते हे मला माहीत असतं. एल्म किंवा नीलगिरीसारख्या जातींत तर गाठ नसतानाही धागे उलटसुलट गुंफलेले असतात, तिथे हेच काम ओंडक्यामागून ओंडका करावं लागतं. पण काही ओंडके फोडूच नयेत असंही माझं मत आहे. खूपच अडेल असेल तर तसाच वाळवावा, एखाद-दोन वर्ष जास्त घेईल, आणि विस्तव नीट पेटल्यावर शेवटी घालावा. तो गाठीचा गोळा तासन् तास धुमसत राहतो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर लाकूड फोडणाऱ्या, मशीनचं लोक विचारतात. वीस-वीस टनांचा दाब देणारी मशीन आहेत, गाठ असो नाहीतर काही असो, सरळ चिरतात, आणि ज्यांना खूप जळण लागतं, ज्यांचे खांदे-पाठ साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी ती फार मोठी सोय आहे, त्यात दुमत नाही. फक्त त्यांचा वेग पाहून भुलू नये, कारण मशीन फक्त फोडतं. मशीनवर ओंडका चढवायचा आपणच, तुकडे उचलायचे आपणच. आठ-नऊ हाताळण्यांतली एकही सहसा कमी होत नाही.

आता पाण्याकडे येते, कारण जळणाच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग पाण्याशीच आहे. ताज्या लाकडाच्या वजनात अर्धं पाणी असणं अगदी नेहमीचं. हे पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळ्यांमधलं मोकळं पाणी, ते आधी आणि सहज जातं. दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं, ते निघायला वेळ खातं, आणि ते निघायला लागलं की मगच लाकूड आकसतं, भेगा पडतात. जळण म्हणून लाकूड तयार झालं असं म्हणायचं तर पाणी २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली यावं लागतं. गंमत म्हणजे साधारण या आकड्याच्या खाली लाकूड कुजवणारी बुरशीही वाढू शकत नाही, म्हणजे वाळलेलं लाकूड नुसतं चांगलं जळत नाही, टिकतंही.

ओलं जाळलं तर काय होतं, याचा हिशोब मी एकदा बसून मांडला. दहा किलो ओलं लाकूड घ्या, पाच किलो कोरडं लाकूड आणि पाच किलो पाणी. त्या पाच किलो पाण्याला तापवून वाफ करायला साधारण १३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. पाच किलो कोरड्या लाकडात सगळी मिळून ९० मेगाज्यूलच्या आसपास. म्हणजे सातवा हिस्सा नुसता पाणी उडवण्यात गेला. ऐकायला हे फार वाटत नाही. पण खरं नुकसान याहून मोठं आहे, कारण ज्वाला म्हणजे लाकूड नव्हे, तापलेल्या लाकडातनं निघणारे वायू पेटलेले असतात. पाणी उडत असताना तिथलं तापमान वर चढतच नाही, वायू अर्धवट जळतात, आणि उरलेले धूर होऊन निघून जातात. जी ऊर्जा आपण एवढी उचलून आणली ती डोळ्यांना झोंबत वर जाते, धुराड्यात डांबरासारखी चिकटते.

आणि दुसरा हिशोब उचलण्याचा. तेच दहा किलो लाकूड पाण्याच्या २० टक्क्यांवर आलं की त्याचं वजन सव्वासहा किलो होतं. पावणेचार किलो कुणीही न उचलता निघून गेलं. वाऱ्यानं नेलं, उन्हानं नेलं. त्यामुळे ज्या हाताळण्या पुढे ढकलता येतात त्या लाकूड वाळल्यावरच कराव्यात. लांबून आणायचं असेल तर तिथेच फोडून, रचून ठेवावं आणि वाळल्यावर आणावं, जागा सुरक्षित असेल तर. घाईत ओलं लाकूड घरापर्यंत आणणं म्हणजे पाणी वाहून आणणं.

पण वारा हे काम फुकट करत असला तरी आपोआप करत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ती वाट म्हणजे रचणं. माझी मावशी लाकडं रचते. फोडायचं काम बाकी कुणीही करावं, रचायला मात्र ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. खाली दोन लांब वासे, म्हणजे लाकूड मातीला टेकत नाही. टोकांना तुकडे एक थर उभे एक थर आडवे असे रचून दोन खांब करते, मग रांगेला वेगळा आधार लागत नाही. मधे लाकडं एकाच दिशेनं, टोकं बाहेर, फटी राखून. प्रत्येक तुकडा हातात घेऊन एकदा फिरवून बघते, कुठली बाजू खाली बसेल ते तिला कळतं, ठेवते आणि तळहातानं हलवून बघते. हलला तर काढते, दुसरा ठेवते. वर शेवटच्या थराची साल वरच्या बाजूला, म्हणजे पाणी आत मुरण्याऐवजी घसरून जातं. झाकायचं ते फक्त वरून. बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेली रास दिसली की ती अस्वस्थ होते, आतलं पाणी बाहेर कुठनं जाणार म्हणते. मी एकदा रांग लवकर संपवायला निघाले होते तर म्हणाली, "अगं, घाई करायची तर फोडताना कर, रचताना नको. इथनं पुढे वर्षभर आपण कुणी इथे असणार नाही, रचलेलं आहे तेच काम करणार आहे." मघाशी ज्या फटींतल्या हवेबद्दल म्हणाले ती हीच.

किती दिवस लागतात याचं एक उत्तर नाही. विलो, पॉपलर, पाइनसारखी हलकी लाकडं फोडून नीट रचली तर काही महिन्यांत वाळतात. ओकसारखं दाट लाकूड वर्ष घेतं, जाड तुकडे असले तर दोन. साल असलेला, न फोडलेला गोल ओंडका तर आत ओलाच राहतो, कारण साल पाणी अडवते, झाड जिवंत असताना तेच तर तिचं काम होतं. वजनाला वजन धरलं तर हलक्या आणि जड लाकडाच्या उष्णतेत फारसा फरक नसतो, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं. किलोला किलो सारखंच. फरक जागेचा आणि फेऱ्यांचा. बाभूळ किंवा सुरूसारखं दाट लाकूड एका कवेत जेवढी उष्णता आणतं तेवढीच आणायला हलक्या लाकडाच्या दोन कवा लागतात. म्हणजे परत तोच प्रश्न, किती वेळा उचलायचं.

वाळलं की नाही ते कळायला दोन पिनांचं मॉइश्चर मीटर मिळतं, पण ते बाहेरून टोचून काही कळत नाही, तुकडा नव्यानं फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायचं. माझी जास्त भरवशाची पद्धत साधी आहे. रचताना दोन-तीन तुकड्यांवर वजन लिहून ठेवायचं आणि अधूनमधून तेच तुकडे काढून परत वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. आणि आवाज. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ओले धप्प करतात, वाळलेले टणकन वाजतात, तो फरक एकदा कानात बसला की मीटरची आठवण होत नाही.

एक गोष्ट मला हे सगळं करताना नेहमी जाणवते. अंगमेहनत करणारा माणूस दिवसभर टिकेल अशी ताकद लावतो ती साधारण ७५ वॅट धरतात. आठ तासांचे झाले दोन मेगाज्यूल आणि वर थोडे. एक किलो वाळलेल्या लाकडात १४-१५ मेगाज्यूल असतात. म्हणजे माझ्या एका हातात मावणाऱ्या लाकडात एका माणसाच्या जवळपास आठवड्याच्या मेहनतीएवढी ऊर्जा आहे. म्हणूनच एवढे कष्ट करूनही हे काम परवडतं, लाखो वर्षं परवडत आलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत माणसाच्या पूर्वजांनी विस्तव वापरल्याच्या खुणा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. आणि त्यातले कष्ट वाचवायची धडपडही जुनीच. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला ओत्झी, ५००० वर्षांहून जास्त जुना माणूस, त्याच्याकडे बर्चच्या सालीचा डबा होता आणि त्यात मेपलच्या हिरव्या पानांत गुंडाळून निखारे नेल्याच्या खुणा होत्या. नवीन विस्तव पेटवायचे कष्ट नकोत म्हणून कालचा विस्तव सोबत घेऊन चाललेला माणूस. मला तो फार जवळचा वाटतो.

पण हा हिशोब तोपर्यंतच जमतो जोवर लाकूड जवळ आहे. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं १७४४ साली आपल्या नव्या शेगडीबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं, की शंभर वर्षांपूर्वी जे लाकूड दारात मिळायचं ते आता काही गावांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावं लागतंय. जंगल मागं सरकलं की कुऱ्हाडीचं काम तेवढंच राहतं, चालणं वाढतं. आणि आजही जगात जेवढं लाकूड तोडलं जातं त्यातलं निम्म्याच्या आसपास जाळायलाच जातं, आणि दोन अब्जांहून जास्त माणसांचा स्वयंपाक लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल असल्या धूर करणाऱ्या इंधनांवर होतो. त्यात बहुतेक ठिकाणी लाकूड गोळा करणाऱ्या बायका आणि मुली असतात. त्यांच्याकडे मशीन नाही, वाळवायला वर्षभर थांबायची सोय नाही, कित्येकदा कुऱ्हाडही नाही, मोडतील त्या काटक्या, डोक्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी, आणि ती मोळी उघड्या चुलीत काही दिवसांत संपते, कारण उघड्या चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता भांड्यापर्यंत पोचतच नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं दगावली असं जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. मी हौसेनं, हवं तेव्हा, धार लावलेली कुऱ्हाड घेऊन करते ते काम आणि त्या करतात ते काम, नाव एकच असलं तरी दोन्ही सारखी नाहीत, आणि लाकूड फुकट मिळतं असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला खरोखर राग येतो. त्याला पैसे पडत नसतील. त्या मुलीची शाळेची वेळ पडते, तिच्या मानेची हाडं पडतात, तिच्या आईची फुप्फुसं पडतात. चांगली चूल, धूर बाहेर नेणारी, निम्म्या लाकडात तेवढाच स्वयंपाक करणारी, ही आधी चालणं वाचवणारी गोष्ट आहे, आणि गॅस किंवा वीज परवडत असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही. लाकडावर माझं कितीही प्रेम असलं तरी हे मी कुणालाही सांगेन.

छोटी कामं राहिलीच. पेटवणासाठी बारीक चिरफळ्या, त्या सरळ धाग्याच्या वाळलेल्या तुकड्यातनं काढायच्या, बोटं लांब ठेवून, दुसऱ्या काठीनं तुकडा धरून. गॉगल आणि जाड बूट, हे कुणीही टाळू नये. राख काढायची, शंभर किलो चांगल्या लाकडाची जेमतेम किलोभर होते, कधी त्याहूनही कमी, ती पूर्ण थंड झाल्याशिवाय हलवायची नाही, वरून गार दिसते आणि आत निखारा तसाच असतो.

यंदा मी ठोकळा उचलून रचायच्या जागेला लागूनच आणलाय. फोडलेला तुकडा टायरमधनं निघून सरळ रांगेत जातो, मधला ढीग बंद, एक हाताळणी कमी. मावशीला कल्पना पटली, फक्त रांगेची रुंद बाजू वाऱ्याकडे यायला हवी म्हणून तिनं आधी टाकलेले दोन्ही वासे परत उचलायला लावले आणि आडवे फिरवून घेतले. आता दाट जातीचे ओंडके आधी घेणार आहोत, कारण वाळायला सगळ्यात जास्त दिवस त्यांनाच लागतात, हलकी लाकडं उशिरा फोडली तरी वेळेत वाळतात. गाठींचे तीन मोठे ओंडके बाजूला काढलेत, त्यांच्यासाठी पाचरींची डोकी आधी घासून घ्यायचीत, ठोकून ठोकून त्यांच्या कडा बाहेर वळल्यात आणि तशा वापरल्या तर त्यातनं लोखंडाचा कपचा उडतो.